पळस माघातच फुलला

आईंच्या डाव्या डोळ्याने दिसणं कधी थांबलं ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, त्यांच्या स्वतःच्याही नाही. उजवा डोळा दोघांचं काम करत राहिला. एकदा त्या उजव्या डोळ्यात कचरा गेला, तो मिटून चोळताना त्यांनी विचारलं, "लाईट गेली का?" भर दुपार होती. लातूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळायचं, असं ते म्हणाले. उरलेलं म्हणजे उजव्या डोळ्याचा मधला भाग. नळीतून बघावं तसं समोरचं दिसायचं. बाजूचं आणि पायाखालचं दिसत नसे.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. थेंब सकाळी एकदा आणि रात्री एकदा घालायचे. हे काम माझ्या नवऱ्याचं होतं. तो त्यांचं डोकं खुर्चीच्या पाठीला टेकवायचा आणि म्हणायचा, "वर बघ, विमान चाललंय." त्या रोज "कुठाय रं?" म्हणत वर बघायच्या, तेवढ्यात थेंब पडलेला असायचा. त्या वर्षी श्रावण दोनदा आला. पहिल्या, म्हणजे अधिक श्रावणात, ऑफिसच्या पायऱ्या उतरताना तो खाली बसला आणि उठला नाही. त्यानंतर थेंब मी घालू लागले. मी विमानाचं काही म्हणत नाही. नुसतं "वर बघा" म्हणते.

थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा थोडा वेळ दाबून धरावा लागतो. संक्रांत झाल्यावर एका सकाळी मी तसा कोपरा धरून उभी होते, तेव्हा आई मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "एकदा पळस बघायचा व्हता."

"कुठला?"

"कुठला म्हंजे? आमचा. टेकडीवरचा."

त्यांचं माहेर किनवट तालुक्यात, इस्लापूरच्या पुढे. घरामागे टेकडी आहे आणि ती शिमग्याला सगळी लाल होते, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते. पण सासुरवाशीण माहेरी जाते ती पंचमीला नाहीतर दिवाळीला. शिमग्याला सासरी रानात कामं असतात. त्यामुळे लग्नानंतर आईंनी ती टेकडी फुललेली एकदाच पाहिली होती, पहिल्या बाळंतपणाला गेल्या तेव्हा. बाळंतिणीच्या खोलीला मागच्या बाजूला खिडकी होती आणि खिडकीतून टेकडी दिसायची. जन्मलेलं मूल म्हणजे माझा नवरा.

मी डॉक्टरांना वेगळं गाठून विचारलं, की पुढच्या वर्षापर्यंत दिसत राहील का. ते म्हणाले, "दाब आटोक्यात राहिला तर राहील. सांगता येत नाही." म्हणजे हातात एकच वसंत होता.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. कुठलीही गोष्ट आधी पुस्तकात बघायची सवय आहे. वनस्पतींच्या पुस्तकात पळसाचा बहर फेब्रुवारी ते एप्रिल असा दिला होता. एवढ्या ऐसपैस मुदतीत रजा मागता येत नाही. एका झाडाची फुलं पंधरा-वीस दिवस टिकतात, असंही त्यात होतं. मग मी माणसांना विचारलं. कॉलेजातले शिपाई, शेजारच्या बाई, भाजीवाला, सगळे एकच म्हणाले, शिमग्याला. आईही तेच म्हणत होत्या. लहानपणी त्यांचा शिमग्याचा रंग पळसाचाच असायचा. रात्री मोठ्या पातेल्यात फुलं उकळायची आणि सकाळी पिवळं-केशरी पाणी एकमेकांवर ओतायचं. शिमग्याला फुलं नसती तर रंग कुठून आला असता? यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं.

मी आईंच्या भाच्याला फोन लावला. तो माझ्या नवऱ्याचा मामेभाऊ. मामा गेल्यापासून माहेर म्हणजे तोच.

"या की वहिनी, शिमग्याला या," तो म्हणाला. "तवा हरभरा निघालेला असतो. म्याच येतो लातूरला, आत्याला न्यायाला."

हे येणं महत्त्वाचं होतं. आमच्याकडे दुःखाच्या घरातली बाई पहिल्यांदा पाहुणी म्हणून कुठे गेली तर ती माहेरच्या माणसाबरोबर जाते. तो माणूस उंबऱ्याशी येतो, पाणी पितो, तिची पिशवी उचलतो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय गेलं तर घराचं दुःख बरोबर घेऊन दुसऱ्याच्या घरात गेल्यासारखं होतं. नोकरीला जाणं हे यात धरत नाहीत, नाहीतर मी तेराव्यानंतर कॉलेजात गेलेच नसते. बाजारहाटही धरत नाहीत. पाहुणी म्हणून जाणं तेवढं धरतात. निलंग्याहून माझा भाऊ मला न्यायला आला होता, पण आईंना एकटं ठेवून मी गेले नाही. तो चहा पिऊन परत गेला.

तर बेत ठरला. शिमग्याला जोडून रजा टाकली. पहाटे गार, दुपारी सोसेल इतकं ऊन, असे दिवस असतील अशी माझी कल्पना होती. आईंनी भाचेसुनेसाठी एक लुगडं काढून ठेवलं. रोज थेंब घालताना त्या टेकडीचं थोडं थोडं सांगत. कुठून वर जायची वाट आहे, विहिरीजवळ एक वेगळं झाड कसं आहे, ते सगळ्यात आधी कसं फुलतं. एरवी त्या इतकं बोलत नाहीत.

माघात मला कॉलेजच्या कामासाठी निलंग्याला जावं लागलं. तिथल्या एका ग्रंथालयाची पुस्तकं तपासायची होती. काम असल्यामुळे हे जाणं धरायचं नव्हतं. माहेरच्या गावात जाऊन मी माहेरी गेले नाही, एसटीनेच परत फिरले. जाताना औशाच्या पुढे करडईची शेतं पिवळी झालेली होती. एका बांधावर एक झाड दिसलं. त्याला एक पान नव्हतं आणि ते शेंड्यापासून बुंध्यापर्यंत लाल होतं. मला वाटलं, एखादं लवकर फुललं असेल. पुढच्या ओढ्याला चार होती. चारही तशीच. येताना मी खिडकीच्या कडेला बसले आणि लातूर येईपर्यंत बघत राहिले. अर्धी कळी असलेलं एकही झाड नव्हतं. सगळी भरात होती.

घरी येऊन भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं. होळी मार्च संपता संपता होती. आदल्या वर्षी ती मार्चच्या सुरुवातीलाच होऊन गेली होती. मग मला उलगडा झाला. अधिक महिना आला की त्याच्या पुढचे सगळे सण सरकतात. आपण तिथीने चालतो, झाड उन्हाने चालतं. एरवीच्या वर्षी दोघांची गाठ पडते म्हणून सगळे म्हणतात, शिमग्याला. या वर्षी ती पडणार नव्हती. गंमत म्हणजे अधिक महिन्याचा हिशोब मला इतरांपेक्षा चांगला माहीत असायला हवा होता. नवरा अधिकात गेला, म्हणून वर्षश्राद्ध पुढच्या श्रावणात येईल असं गुरुजींनी सांगितलं होतं. आमचं दुःखाचं वर्ष तेरा महिन्यांचं होतं. ते मी रोज मनात धरून होते, आणि तरी बेत आखताना त्या जादा महिन्याची आठवण झाली नव्हती.

मी लगेच भाच्याला फोन लावला.

"भाऊजी, टेकडीवर पळस फुललाय का हो?"

"टेकडीवर? थांबा, सांगतो." मग फोन बाजूला धरून तो ओरडला, "ए, पळस फुलला का गं?"

लांबून त्याच्या बायकोचा आवाज आला. "कवाच! डोळे हायत का न्हाईत तुम्हाला? रोज त्याच्याखालून तर जाता."

"हाव वहिनी, फुलून राहिला म्हणते ही."

"शिमग्यापर्यंत राहील का?"

"आता झाडाला कसं विचारू?"

"शिमग्याला शेंगा लोंबतील म्हणावं!" मागून आवाज आला.

आईंना सांगितलं तेव्हा आधी त्यांनी मानलंच नाही. "शिमग्याच्या आदी कसा फुलतो? काय बी सांगती." मग मी बसमधून पाहिलेली झाडं सांगितली. तेव्हा म्हणाल्या, "मग आत्ताच जावं लागंल."

पण आत्ता मुराळी नव्हता. भाच्याचा हरभरा कापून पडला होता आणि मळणीयंत्राचा नंबर लागायचा होता. इस्लापूरहून लातूरला येऊन आम्हाला घेऊन परत जायचं म्हणजे त्याचे दोन दिवस मोडणार. "नांदेडला मला यावंच लागतंय वहिनी, यंत्राचा पट्टा आणायला," तो म्हणाला. "पण त्याच्या पुढं लातूर न्हाई जमत. तुम्हीच आणा ना आत्याला. मी काय परका हाय?"

"मुराळ्याबिगर म्या उंबरा ओलांडणार न्हाई," आई म्हणाल्या.

मी नांदेडला नणंदेला फोन केला. वाटलं, ती आईला समजावेल. ती उलट माझ्यावरच घसरली.

"वहिनी, दादाचं वर्ष तरी होऊ द्या. वर्षाच्या आत फुलं बघायला निघाले म्हणतील लोक. आईला काय, ती म्हातारी झाली. तुम्ही तर शिकलेल्या आहात."

"वर्ष श्रावणात होतंय, ताई. तोवर फुलं नसतील."

"मग पुढच्या वर्षी जा."

"पुढच्या वर्षी डोळा नसेल."

मग ती म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा," आणि फोन ठेवून दिला.

दोन दिवस घरात पळसाचा विषय निघाला नाही. आईंचं टेकडीचं सांगणंही थांबलं. सकाळी त्या खुर्चीत येऊन बसत, मान टेकवत, थेंब घेत, उठून जात. मी एकदा मुद्दाम विहिरीजवळच्या झाडाचं विचारलं, तर म्हणाल्या, "काय करायचंय आता."

तिसऱ्या सकाळी थेंबांनंतर कोपरा दाबून धरलेला असताना त्या म्हणाल्या, "दवाखान्याला जाणं हे जाणं हाय का?"

"म्हणजे?"

"आपण डोळ्याच्या दवाखान्याला जातो ना. तवा मुराळी लागतो का?"

"नाही."

"नांदेडला डोळ्याचा मोठा डॉक्टर हाय म्हणती सगळी."

मी कोपरा सोडला. त्यांनी डोळा उघडला आणि त्या नळीतून मला नेमकं बघितलं. सगळा विचार करून ठेवलेला होता. आपण नांदेडला दवाखान्यात जायचं, ते जाणं नव्हे. भाचा पट्टा घ्यायला नांदेडला येणारच. त्याने दवाखान्यात यायचं. तिथे त्याने पाणी प्यायचं, पिशवी उचलायची. तिथून पुढे निघालं ते मुराळ्याबरोबर निघालं. कुणाचं काही मोडत नव्हतं. मला यात कुठे बोट ठेवावं ते सापडलं नाही, आणि खरं तर सापडायला नकोच होतं. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणंही बरंच होतं, असं मी मनात म्हटलं.

आम्ही पहाटेच्या एसटीने निघालो. लोहा येईपर्यंत हवेत गारवा होता. आईंनी शाल पांघरली होती. रस्त्याकडेला पळस होते, पण त्या बघत नव्हत्या. "आमच्या टेकडीचा बघायचाय. हे कुणाचं बी," असं म्हणून त्यांनी मान समोर धरली.

दवाखान्यात नणंद येऊन बसली होती. फोनवर इतकं बोलली तरी ती आली होती. मांडीवर धपाट्यांचा डबा आणि दह्याची बरणी. माझ्याशी ती तुटक बोलली, आईच्या गालावरून मात्र हात फिरवला. आमचा नंबर आला तसा एक मुलगी आईंना आत घेऊन गेली, खुर्चीत बसवून डोळ्यात थेंब घातले. मला ते रोजचेच वाटले. बाहेर आणून बसवल्यावर पुन्हा घातले. तेव्हा मी विचारलं, "हे कसले थेंब?"

"बाहुली मोठी व्हायला. आतला पडदा बघायचाय ना."

"मग दिसायला?"

"अंधुक होतं. संध्याकाळपर्यंत. म्हाताऱ्या माणसांना कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत."

लातूरला हे पहिल्यांदा झालं तेव्हा नवरा बरोबर होता. मी त्या दिवशी कॉलेजात होते. त्यामुळे मला हे आठवायचं कारण नव्हतं आणि आईंना ते लक्षात राहिलेलं नव्हतं. आम्ही उंबऱ्याची तोड काढली ती दवाखान्याची, आणि दवाखान्यात डोळ्याचं काय करतात हे दोघींनीही धरलं नव्हतं.

"सगळं पांढरं पांढरं झालं," आई म्हणाल्या.

डॉक्टरांनी तपासून लातूरच्या डॉक्टरांचंच सांगितलं. दाब वाढलाय, अजून एक औषध चालू करा, आणि फार आशा धरू नका. शेवटचं मला बाजूला घेऊन म्हणाले. बाहेर आईंना काळा चष्मा दिला होता. तो मोठा होता, नाकावरून घसरत होता.

तेवढ्यात भाचा आला. मळणीयंत्राचा जाड काळा पट्टा त्याने जानव्यासारखा गळ्यातून घातला होता.

"आत्या! गॉगल? कुठं लग्नाला निघाली का काय?"

"पाणी पी आदी," आई म्हणाल्या.

त्याने दवाखान्याच्या कूलरचं पाणी स्टीलच्या साखळीच्या ग्लासातून प्यायलं आणि गंभीर चेहऱ्याने आईंची पिशवी उचलली. आजूबाजूचे रुग्ण बघत होते.

नणंद म्हणाली, "आईचा मुराळी आला. वहिनींचा कुठाय? त्यांचं माहेर निलंग्याला."

"दोघींचा मीच," भाचा म्हणाला. "एका पट्ट्यात दोन चाकं फिरतात ताई, हे बघा." त्याने गळ्यातला पट्टा दाखवला.

नणंदेला हसू आलं. ते तिला नको होतं, म्हणून ती डब्याशी खुडबुड करू लागली. मग डबा माझ्या हातात देत म्हणाली, "धपाटे मऊ हायत, आईला चावतील. दह्याचं बघा, सांडेल बसमध्ये." आईंच्या चष्म्याची दांडी कानामागे नीट बसवून ती निघून गेली.

किनवटच्या बसमध्ये आईंना खिडकीजवळ बसवलं. भोकर गेल्यावर पळस दिसू लागला, हिमायतनगरच्या पुढे तर दोन्ही बाजूंना दुसरं झाडच नव्हतं. रस्त्यावर पडलेली फुलं चाकाखाली येत होती. भाचा सवयीने म्हणाला, "आत्या, हे बघ, कसला—" मी त्याचा दंड धरला. तो गप्प झाला.

"काय रं?"

"काही न्हाई. टावर हाय मोबाईलचा."

"पळस सुरू झाला," आई म्हणाल्या. "तुम्ही दोघं गप बसले तवाच कळलं."

काळ्या चष्म्यामागे डोळा उघडा होता की मिटलेला ते दिसत नव्हतं. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "हे उतरंल ना गं?"

"उतरेल. उद्या सकाळपर्यंत."

दवाखान्यातल्या मुलीने तसं सांगितलं होतं, पण ते चांगल्या डोळ्यांबद्दल होतं. ज्या डोळ्यात मधलंच थोडं उरलंय त्यात ते थोडं परत येतं की नाही, हे मी विचारलं नव्हतं. आता विचारायला कुणी नव्हतं.

भाच्याच्या घरी पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. जुनं घर पाडून स्लॅबचं झालं होतं. बाळंतिणीची खोली गेली होती. त्या जागी मोटारसायकल लावत होते. टेकडी मात्र घराच्या अंगावर आल्यासारखी जवळ होती आणि वरपासून खालपर्यंत पेटल्यासारखी दिसत होती. भाचेसुनेने ओसरीवर खुर्ची टाकली, टेकडीकडे तोंड करून. आईंनी चाचपून खुर्ची फिरवली आणि टेकडीला पाठ करून बसल्या.

"उद्या," त्या म्हणाल्या.

सकाळी मी उठले तेव्हा त्या उठून बसल्या होत्या. चष्मा काढून बाजूला ठेवला होता आणि उजवा तळहात डोळ्यासमोर धरला होता. मी उभी राहिले. त्यांनी हात थोडा जवळ घेतला, थोडा लांब नेला.

"रेघा दिसायल्या," त्या म्हणाल्या.

चहा घेऊन आम्ही गोठ्याच्या मागे गेलो. हवा थंड होती, हरभऱ्याच्या काडाचा वास येत होता. टेकडीवर मैना कलकलत होत्या. मधूनमधून एखादं फूल पडायचं. पळसाचं फूल जड असतं, पडलेलं ऐकू येतं. आई उभ्या राहिल्या आणि अंधारात बॅटरी फिरवावी तशी मान फिरवू लागल्या. खूप वर गेली, मग खूप खाली.

"दिसतंय का, आई?"

"गप."

मग त्यांना एक झाड सापडलं. त्या बुंध्यापासून वर गेल्या, एका फांदीने शेवटपर्यंत, परत दुसऱ्या फांदीने. मला ते त्यांच्या हनुवटीवरून कळत होतं.

"येवढं एकच हाय का?"

"नाही. सगळी टेकडी आहे."

"मग मला सापडंना. तू धर."

मी थेंब घालताना धरते तसं मागून त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवू लागले. "थांब," त्या म्हणायच्या. मी थांबायची. "फिरव." मी फिरवायची. "वर." "अजून." "थांब." असं झाड झाड करत आम्ही सगळी टेकडी केली. किती वेळ लागला माहीत नाही. भाचा दोनदा येऊन, बघून, परत गेला. यंत्र आलं होतं. भाचेसून दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती.

"कमी केलीत झाडं," शेवटी आई म्हणाल्या.

"न्हाई हो आत्याबाई," भाचेसून म्हणाली. "एक बी तोडलं न्हाई."

"तो झाला तवा लई व्हती," आई म्हणाल्या. त्यांनी माझे हात डोक्यावरून काढून खाली ठेवले. थोड्या वेळाने विचारलं, "तू बघितलंस का?"

"हो."

"काय बघितलंस?"

"फुलं."

"एवढ्या पुस्तकांत राहती, अन् 'फुलं' म्हणती," त्या म्हणाल्या आणि घराकडे वळल्या.

शिमगा आला तेव्हा लातूरला ऊन चांगलंच तापलं होतं. त्या दिवशी भाच्याचा फोन आला. टेकडीवर खरंच शेंगा लोंबत होत्या. "ही म्हणते, मी सांगितलंच होतं," तो म्हणाला. श्रावणात वर्षश्राद्ध झालं. नणंद आली, राहिली, जाताना मला म्हणाली की आईच्या डोळ्याचं नवीन औषध तिच्याकडून येत जाईल. दिवाळीनंतर आईंना तळहाताच्या रेघा दिसेनाशा झाल्या. संक्रांतीला खिडकी कुठे आहे एवढं कळायचं. थेंब चालूच होते. ते दुखू नये म्हणून, असं डॉक्टर म्हणाले.

माघ लागला तेव्हा मी कॅलेंडर बघितलं नाही. भाच्याला फोन केला आणि फोन बायकोला द्यायला सांगितला. "भरात हाय," ती म्हणाली. मी आईंना विचारलं, जायचं का.

"म्या काय बघू त्यात?" त्या म्हणाल्या. "तू जा. नीट बघून ये. मागच्या टायमाला तू माझ्याच तोंडाकडं बघत व्हतीस."

वर्ष झालं होतं, मुराळी लागत नव्हता. नणंद दोन दिवस आईंजवळ येऊन राहिली. मला "एकट्याच?" एवढंच म्हणाली आणि धपाटे बांधून दिले. मी त्याच बसने गेले, गोठ्यामागे त्याच जागी उभी राहिले आणि या वेळी टेकडीकडे बघितलं. फूल सगळं लाल नसतं. देठाची वाटी काळी, मखमली असते आणि पाकळी तिच्यातून पोपटाच्या चोचीसारखी वाकून बाहेर येते. लांबून लाल दिसतं ते जवळून शेंदरी असतं. काही फांद्यांची टोकं अजून काळ्या कळ्यांची होती. डाव्या अंगाला खडकाजवळ एक झाड वाकडं वाढलंय, त्याची फुलं एकाच बाजूला आहेत. हे सगळं मी पाठ केल्यासारखं घेऊन आले.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी थेंब घालण्याआधी आईंना डावीकडून उजवीकडे सांगितलं. मधेमधे त्या "थांब" म्हणत होत्या. मी थांबत होते. वाकडं झाड ऐकून त्या म्हणाल्या, "ते आमच्या वक्ताला सरळ व्हतं." शेवटपर्यंत पोचले तेव्हा मला वाटलं, झालं.

"अन् विहिरीजवळचं?"

मी विहिरीकडे गेलेच नव्हते. तसं सांगितलं.

"तेच तर सगळ्यात आदी फुलतं," आई म्हणाल्या. "लाव फोन."

मी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. विहिरीजवळचा पळस फुललाय का, असं विचारल्यावर पलीकडे नेहमीसारखं आधी ओरडून बायकोला विचारणं, मग लांबून तिचा आवाज.

"फुलून झडला बी! तिथंच तर रोज मोटार चालू करता तुम्ही!"

"ऐकलं," आई म्हणाल्या. त्यांनी मान खुर्चीच्या पाठीला टेकवली आणि मी सांगायच्या आधीच वर बघितलं.